गेम तुम्ही खेळलात, पण व्हिडिओ कोणाचा?

"गेम मी खेळलो, मोबाइल माझा, रेकॉर्डिंग माझं. मग व्हिडिओवर दुसऱ्याचा हक्क कसा काय?" बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईकडच्या वाचकांचा हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. कोणाचा बीजीएमआय या मोबाइल गेमचा चॅनल हजार सबस्क्रायबरपर्यंत येऊन मॉनिटायझेशनवर अडलेला असतो, तर कोणाला गाण्यावरून क्लेम आलेला असतो आणि 'आता पोलीस येतील का' अशी भीती वाटत असते. पालकांचा प्रश्न वेगळाच: पोरगा रात्रभर मोबाइलवर बोलत बसतो, यातून खरंच पैसे येतात का, आणि येत असतील तर ते कायदेशीर आहेत का?

पैसे येतात आणि ते कायदेशीरही असतात. मात्र त्यासाठी आपण कोणाच्या परवानगीवर उभे आहोत, हे तुम्हाला ठाऊक हवं.

एका व्हिडिओत किती जणांचे हक्क असतात

आपल्याकडे 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा गेम पोरांमध्ये भलताच आवडता आहे. त्यात एसटीच्या लालपरीचा मॉड (गेममध्ये बाहेरून घालायचा, कोणीतरी बनवलेला बदल) टाकायचा आणि बीड–परळी गाडी चालवतोय असं बोलत व्हिडिओ करायचा. अशा दहा मिनिटांच्या व्हिडिओत हक्कांचे किती थर असतात ते पाहा:

- रस्ते, चित्रं आणि मूळ प्रोग्राम इंडोनेशियातल्या मालेओ कंपनीचे.
- लालपरीचा मॉड तो बनवणाऱ्या मुलाचा. तो फुकट मिळाला म्हणजे त्याचा हक्क संपला असं होत नाही. त्यानं 'नाव द्या' किंवा 'पुन्हा अपलोड करू नका' असं लिहिलं असेल तर ते पाळायला हवं.
- गाडीत वाजणारं गाणं म्युझिक कंपनीचं.
- एसटीचं नाव आणि बोधचिन्ह महामंडळाचं. थंबनेलवर ते लावून चॅनल अधिकृत असल्याचा भास निर्माण करू नका.
- तुमचं बोलणं, विनोद, संकलन आणि थंबनेल मात्र तुमचं.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क निर्मितीबरोबरच जन्माला येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे 'यावर कॉपीराइटचं चिन्ह नव्हतं' ही सबब चालत नाही. गेम विकत घेतला किंवा प्ले स्टोअरवरून फुकट उतरवला, तरी मिळतो तो फक्त खेळण्याचा परवाना. त्याचं चित्रण जगाला दाखवण्याची परवानगी निराळी असते. बऱ्याच कंपन्या ती देतात, काही अटींवर देतात, तर काही हात आखडता घेतात.

परवानगी कुठे आणि कशी वाचायची

सगळ्यांत जास्त वेळ या कामाला द्या. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ धोरण असतं. गेमचं नाव आणि 'व्हिडिओ पॉलिसी' किंवा 'कंटेंट गाइडलाइन्स' असे शब्द टाकून शोधा, आणि पान कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरचं आहे याची खात्री करा. कोणाच्या तरी रीलमध्ये ऐकलेलं धोरण उपयोगाचं नाही.

या धोरणांचे नमुने असे. 'काउंटर स्ट्राइक'वाली व्हॉल्व्ह कंपनी यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममधून जाहिरातीचे पैसे कमवू देते, पण व्हिडिओ पाहण्यासाठी प्रेक्षकाकडून पैसे घेऊ देत नाही. मायक्रोसॉफ्टचे लिखित नियम आहेत. त्याच कंपनीच्या 'माइनक्राफ्ट'साठी वेगळे आहेत आणि तुमचं स्वतःचं काहीतरी त्यात असावं अशी त्यांची अपेक्षा आहे. निन्टेन्डोनं पूर्वी उत्पन्नात वाटा मागणारी योजना चालवली होती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती गुंडाळून मार्गदर्शक नियम आणले. आता तुमची टिप्पणी किंवा कल्पकता असेल तर कमाई करू देतात, गेममधला तुकडा जसाच्या तसा चढवलेला त्यांना चालत नाही. जपानच्या अॅटलस कंपनीनं २०१७ मध्ये 'पर्सोना ५' आल्यावर कथेच्या एका टप्प्यापुढचं चित्रण दाखवायलाच मनाई केली होती. चाहते चिडले, तेव्हा ती मर्यादा पुढे सरकवली.

जपानचं नाव निघालंच आहे तर हेही सांगतो. तिथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सेंदाईच्या न्यायालयानं एका यूट्यूबरला दोन वर्षांची कैद (पाच वर्षांसाठी स्थगित) आणि दहा लाख येन दंड सुनावला. 'स्टाइन्स गेट' मालिकेतल्या एका कथाप्रधान गेमचं चित्रण शेवटासकट त्यानं कमाईसाठी चढवलं होतं, शिवाय अॅनिमेचे संक्षिप्त व्हिडिओही केले होते. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्या गेमची सगळी किंमत त्याच्या कथेत आहे, त्याचा शेवट दाखवणं आणि बॅटल रॉयालचा सामना दाखवणं यांत कंपनीच्या नजरेनं फार अंतर असतं. सामना पाहून माणूस गेम उतरवतो, आणि कथा पाहून झाली की गेम विकत घ्यायचं त्याला कारण उरत नाही.

धोरण वाचताना एवढं शोधा:

1. जाहिरातीच्या कमाईला परवानगी आहे का, की फक्त बिनकमाईच्या व्हिडिओला?
2. मेंबरशिप, सुपर चॅट, प्रायोजक यांबद्दल वेगळी अट आहे का?
3. कथेतली दृश्यं आणि संगीत वगळायला सांगितलं आहे का?
4. गेमचं किंवा कंपनीचं बोधचिन्ह चॅनलच्या नावात वापरता येतं का? (बहुधा येत नाही.)

मिळालेल्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. धोरणं बदलतात, आणि यूट्यूब कधी कधी कमाईच्या हक्काचा पुरावा मागतं. धोरण सापडलंच नाही तर कंपनीला ईमेल करा. चॅनलचं नाव, गेम, व्हिडिओचा प्रकार आणि जाहिराती लावणार असल्याचं साध्या इंग्रजीत चार ओळींत लिहा. छोट्या कंपन्या आनंदानं हो म्हणतात, त्यांना तेवढीच प्रसिद्धी मिळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी', पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' असे गेम आपल्याच राज्यात तयार झाले आहेत. अशा ठिकाणी विचारायला संकोच कसला? आणि उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नका.

मॉड एपीके, हॅक, चोरून उतरवलेला गेम यांवर चॅनल उभा करू नका. इथे परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि हॅक दाखवणाऱ्या व्हिडिओंवर कंपन्या तुटून पडतात. बंदी आलेल्या गेमचंही भान ठेवा. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. बीजीएमआयसुद्धा जुलै २०२२ पासून मे २०२३ पर्यंत स्टोअरमधून गायब होता. एकाच गेमवर चॅनल टांगून ठेवलेल्यांची त्या काळात काय गत झाली असेल, याचा विचार करा.

'थोडंसं वापरलं तर चालतं'

दहा सेकंद, तीस सेकंद असा कुठलाही आकडा आपल्या कायद्यात नाही. वर्णनात 'फेअर यूज' लिहिल्यानं संरक्षण मिळतं हाही गैरसमजच. तो शब्दप्रयोग अमेरिकेच्या कायद्यातला आहे. आपल्याकडे कलम ५२ आहे. त्यात खासगी वापर, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन यांसाठी उचित वापराची सवलत आहे. पण त्याच कलमात 'संगणक प्रोग्राम वगळून' असे शब्द आहेत, आणि गेम हा चलचित्राबरोबर प्रोग्रामही असतो. गेमची खरी समीक्षा करत असाल, म्हणजे ग्राफिक्स कसे, पैसे उकळायच्या क्लृप्त्या कोणत्या, मुलांसाठी योग्य की नाही हे सांगत छोटे तुकडे दाखवत असाल, तर तुमची बाजू बऱ्यापैकी धरून ठेवता येते. नुसता खेळ दाखवत असाल तर या कलमावर विसंबू नका, कंपनीची परवानगीच शोधा.

यूट्यूब स्वतः काय म्हणतं

कंपनीनं परवानगी दिली तरी यूट्यूबची चाळणी वेगळी आहे. लांबलचक नुसता गेमप्ले कमाईसाठी स्वीकारला जाईलच असं नाही. त्यात टिप्पणी किंवा पायरीपायरीनं शिकवणं असावं, असं ते स्पष्ट सांगतात. दुसऱ्याच्या क्लिप जोडून केलेले 'बेस्ट मोमेंट्स' आणि एकाच साच्यातले शेकडो व्हिडिओ यांवरही मॉनिटायझेशन नाकारलं जातं. आपल्या भागातली अनेक पोरं इथेच अडतात, कारण खेळ चांगला असतो आणि माइक बंद असतो. माइक चालू करा आणि मराठीत बोला. बीडच्या बोलीत बोललात तर आणखी बरं, तसा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही. हिंदीत बोललं तरच चालतं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

पार्टनर प्रोग्रामच्या पात्रतेचे टप्पे दोन:

- पहिला: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि वर्षभरात पाहिले गेल्याचे ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू. यात मेंबरशिप, सुपर थँक्स वगैरे मिळतं, जाहिरातीचा वाटा मिळत नाही.
- दुसरा: १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास किंवा शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्समध्ये तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के.

तुमच्या व्हिडिओवर जाहिरात दिसते म्हणून पैसे सुरू झाले असं समजू नका. पार्टनर नसलेल्यांच्या व्हिडिओवरही यूट्यूब जाहिराती लावतं, ते पैसे त्याचे असतात. आणि जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना एकट्यानं लाइव्ह जाता येत नाही.

घात करतं ते गाणं

गेम कंपन्यांपेक्षा म्युझिक कंपन्यांचे क्लेम जास्त येतात. मॅच जिंकल्यावर मागे 'झिंगाट' लावलं की यूट्यूबची यंत्रणा ते लगेच ओळखते. गाण्याचा वेग वाढवून किंवा सूर बदलून फसवायचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. जीटीएमधल्या रेडिओवर वाजणारी गाणी खरीखुरी, परवाना घेतलेली असतात. तो परवाना गेमपुरता आहे, तुमच्या व्हिडिओपुरता नाही. सेटिंगमध्ये जाऊन म्युझिकचा आवाज शून्य करा. 'सायबरपंक २०७७' सारख्या काही गेममध्ये हक्काचं संगीत बंद करायची सोयच दिलेली असते. पार्श्वसंगीत हवं असेल तर यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी फुकट आहे. आणि शेजारच्या मांडवातला डीजे रेकॉर्डिंगमध्ये शिरला तरी क्लेम येतो, हे लग्नसराईत लक्षात असू द्या.

क्लेम आला की स्ट्राइक? आधी हे पाहा

दोन्हींत फार फरक आहे, आणि घबराट त्या गोंधळातूनच होते.

कंटेंट आयडी क्लेम म्हणजे यंत्रानं ओळख पटवून लावलेला दावा. त्या व्हिडिओचे पैसे दुसऱ्याला जाऊ शकतात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसेनासा होतो. चॅनलवर डाग लागत नाही. यूट्यूब स्टुडिओत जाऊन तेवढं गाणं काढून टाका किंवा बदला, काम मिटतं. तुमच्याकडे परवानगी असेल तरच हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात, म्हणून रेंगाळू नका.

कॉपीराइट स्ट्राइक म्हणजे हक्कदारानं रीतसर विनंती करून व्हिडिओ उतरवला. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतो. एक आला तर क्रमानं असं करा:

1. व्हिडिओ डिलीट करून मोकळं व्हायला जाऊ नका, तेवढ्यानं स्ट्राइक जात नाही.
2. कॉपीराइट स्कूल नावाचा छोटा पाठ पूर्ण करा. त्यानंतर स्ट्राइक ९० दिवसांनी निघतो.
3. ज्यानं तक्रार केली त्याला नम्रपणे लिहून ती मागे घ्यायची विनंती करा. खरी चूक असेल तर ती कबूल करून लिहिलेलं पत्र बहुधा कामाला येतं.
4. तक्रार चुकीची आहे आणि तुमच्याकडे पुरावा आहे, अशी खात्री असेल तरच काउंटर नोटिफिकेशन द्या. हे कायदेशीर निवेदन आहे. तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो. त्यानं दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

आता पोलिसांचं. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. म्हणजे 'काही होत नाही' म्हणणं खोटंच. पण एखाद्या क्लेमवरून कोणी फोन करून 'पैसे पाठवा नाहीतर एफआयआर' म्हणत असेल, तर तो बहुधा भामटा असतो. निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागायची सोय कलम ६० मध्ये आहे. 'तुमच्या चॅनलवर कॉपीराइट नोटीस, सोबतची फाइल उघडा' असे ईमेलही येतात. फाइल उघडली की चॅनलच हातचा जातो. खरी नोटीस यूट्यूब स्टुडिओत दिसतेच, तिथे जाऊनच पाहा. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

पैसे गावापर्यंत यायचे तर

दहा डॉलर जमले की गुगल अॅडसेन्स खात्याचा पत्ता पडताळण्यासाठी साध्या टपालानं पिन पाठवतं. रजिस्टर नसतं, सही घेतली जात नाही, म्हणून पत्र हरवतं. पत्ता मुक्काम-पोस्ट, तालुका, जिल्हा आणि अचूक पिनकोडसह घाला आणि गावच्या पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. ज्यांचं घर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातं, त्यांनी हंगामात गावी राहणाऱ्या नातेवाइकाचा पत्ता द्यावा. पहिला पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत तो टाकला नाही तर जाहिराती थांबतात, आणि आई-वडील कारखान्यावरून परतेपर्यंत ही मुदत सहज उलटून जाते.

- वय १८ पेक्षा कमी असेल तर अॅडसेन्स खातं आई-वडिलांच्या नावे काढा. खोटी जन्मतारीख टाकली तर पुढे कागद जुळत नाहीत.
- बँक: पतसंस्था किंवा मल्टिस्टेटचं खातं चालत नाही. परदेशी रक्कम स्वीकारणारी बँक हवी. शाखेला स्विफ्ट कोड नसेल तर बँकेच्या कोणत्या शाखेचा वापरायचा ते लेखी विचारून घ्या. नाव अॅडसेन्सवर आणि पासबुकावर तंतोतंत सारखं हवं.
- अमेरिकेचा कर फॉर्म पॅन क्रमांक टाकून नक्की भरा. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांपासूनच्या कमाईवर कराराच्या दरानं, म्हणजे १५ टक्के, कपात होते. न भरल्यास जगभरातल्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत होऊ शकते.
- इथला कर: ही कमाई करपात्र आहे, विवरणपत्रात दाखवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली तर जीएसटी नोंदणी लागते. तोवर सीएची एक भेट पुरेशी आहे.

किमान रक्कम १०० डॉलर जमल्यावर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. सुरुवातीला हे शंभर डॉलर जमायलाच महिनोन्‌महिने लागतात, त्या भरवशावर शाळा किंवा आयटीआय सोडायचा विचार कोणी करू नये.

ज्या जाहिरातींना हात लावायचा नाही

चॅनल थोडा वाढला की कलर प्रेडिक्शन, रमी, सट्टा अॅपवाले टेलिग्रामवर गाठतात. महिन्याचे पैसे रोख देतो म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनी परदेशात बसलेली असते, सापडता तुम्ही.

यूपीआयवर पन्नास रुपये एंट्री घेऊन कस्टम रूम लावायची आणि जिंकणाऱ्याला रक्कम द्यायची, हा प्रकारही आता जोखमीचा झाला आहे. ईस्पोर्ट्सला त्याच कायद्यानं मान्यता दिली आहे, पण ती नोंदणीच्या चौकटीत. मनानं लावलेली रूम म्हणजे ईस्पोर्ट्स नव्हे. शिवाय गेम कंपनीची स्पर्धेसाठीची परवानगी वेगळी लागते.

बाकी प्रायोजक घ्या, पण पैसे किंवा फुकट वस्तू मिळाल्याचं व्हिडिओत स्पष्ट सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं.

तुमचाच व्हिडिओ कोणी उचलला तर

मॉड आणि गेम दुसऱ्याचा असला तरी तुमच्या बोलण्यावर आणि संकलनावर तुमचा हक्क आहे. फेसबुकवरच्या एखाद्या पेजनं तुमचा व्हिडिओ नाव कापून टाकला, तर दोन्ही व्हिडिओंच्या लिंक, तारखा आणि मूळ रेकॉर्डिंगची फाइल जपून ठेवा. त्या मंचाच्या कॉपीराइट फॉर्ममधून तक्रार करा. यूट्यूबवर समोरच्याला सात दिवसांची मुदत देऊन काढायला लावायचा पर्यायही आहे. भारतीय नियमांनुसार मध्यस्थ कंपनीला, म्हणजे त्या मंचाला, लेखी तक्रार दिली तर ३६ तासांत मजकुरापर्यंतची वाट बंद करावी लागते. मात्र २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्यानं दाद दिली नाही, तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं, त्याला फी नाही.

न्यायालयात जायची वेळ आली तरी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार हक्कदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे तुमचा दावा बीडमध्ये चालू शकतो. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करा, आणि जाताना आधार कार्डाबरोबर कंपनीच्या धोरणाचा जपून ठेवलेला स्क्रीनशॉट व मूळ फाइल न्या.